मोटेपासून लांबत्या हातापर्यंत

साताऱ्याच्या उत्तरेस, पुण्याच्या सडकेपासून थोडें आंत, कृष्णेच्या परिसरांत लिंब नांवाचें गांव आहे. तेथील बारा मोटांची विहीर पाहावयास पुष्कळ लोक जातात. विहिरीच्या पोटांतील दालन, दगडी जिना, कमानी व कोरीव शिल्पें पाहून मंडळी प्रसन्न मनानें परततात. परंतु ज्या कामासाठीं हा सारा खटाटोप झाला तें काम क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या अवधींत विरूबाई भोसले यांनीं ही विहीर बांधविली. तिची खोली सुमारें ११० फूट असून व्यास सुमारें ५० फूट आहे. माथ्यावर एकाच वेळीं बारा मोटा जुंपतां याव्यात अशी सोय आहे, आणि या पाण्यावर तीन हजारांहून अधिक आम्रवृक्षांची बाग जोपासली जात असे, असें परंपरा सांगते. तेव्हां ही विहीर म्हणजे नुसता पाण्याचा सांठा नव्हे. ओझें खालून वर आणण्याचा तो एक मोठा कारखानाच होता; मात्र त्या कारखान्यांतील यंत्रें चामड्याचीं व लांकडाचीं होतीं आणि तीं बैल चालवीत होते.

मोट चालतांना ज्यांनीं पाहिली आहे अशीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. म्हणून तिची रचना येथें सांगणें अवश्य आहे. मोट ही चामड्याची मोठी पिशवी. दीड-दोनशें लिटर पाणी तिच्यांत सहज मावे. तिला वर मोठें तोंड असे व खालीं हत्तीच्या सोंडेसारखी नळी असे. तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. नाडा विहिरीच्या कांठावरील उंच चाकावरून जाई, तर सोंदूर थारोळ्याच्या कडेला बसविलेल्या लहान रुळावरून जाई. दोन्ही दोर बैलांच्या जुवाकडे येत. बैल ज्या उतारावरून चालत त्याला धाव म्हणत. हा उतार निष्कारण नव्हता. बैल उताराला लागला म्हणजे त्याच्या स्नायूंच्या बळाला त्याच्या देहाच्या वजनाचीहि जोड मिळे, आणि ओढ कमी श्रमांत होई.

परंतु मोटेंतील खरी बुद्धि त्या दोन दोरांच्या लांबींत आहे. मोट वर येत असतांना दोन्ही दोर सारख्याच गतीनें ओढले जातात. त्यामुळें सोंड दुमडलेली राहते व पाण्याचा थेंब सांडत नाहीं. मोट कांठाला पोंचली कीं नाडा तिला आणखी वर घेतो, सोंदूर मात्र सोंडेला खालच्या रुळावरून पुढें खेंचतो. सोंड सरळ होते आणि सगळें पाणी थारोळ्यांत आपोआप रितें होतें. मोटकऱ्याला हातहि लावावा लागत नाहीं. एका दोरानें उचलावें आणि दुसऱ्या दोरानें उचललेल्या वस्तूचा कल सांभाळावा, ही युक्ति श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. कारण अगदीं आजच्या काळांतील एका यंत्रांत ती वेगळ्या रूपानें पुन्हा भेटणार आहे.

मोटेचें सामर्थ्य जसें मोठें तशी तिची मर्यादाहि मोठी. ती ओझें सरळ वर आणते, आणि जेथें चाक बसविलें असेल तेथेंच आणते. चाक एका हातानेंहि पुढें सरकत नाहीं. पाण्याच्या बाबतींत ही अडचण जाणवत नाहीं, कारण थारोळ्यांत पडल्यावर पाणी पाटानें आपल्या पायांनीं चालत जातें. पण पाणी वाहतें तसें पोतें वाहत नाहीं. ओझें उचलणें हें निम्में काम. तें हव्या त्या जागीं नेऊन ठेवणें हें उरलेलें निम्में, आणि बहुतेक वेळां तेंच अधिक कठीण.

पाण्यापुरता प्रश्न या दोन जिल्ह्यांतील लोकांनीं विसाव्या शतकांत सोडविला. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. ही जागा तेव्हां औंध संस्थानांत होती व ती संस्थानाधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना दिली. आज तें किर्लोस्करवाडी गांव सांगली जिल्ह्यांत आहे. लोखंडी नांगरानें आरंभ झाला आणि पुढें पाण्याचे पंप तेथें होऊं लागले. इकडे साताऱ्यांत सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानें नांगर व तेलावर चालणारीं इंजिनें काढलीं. हेच धनजीशा १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, ही गोष्ट साताऱ्यांतहि पुष्कळांना ठाऊक नसते. १९६० नंतर कोयनेची वीज आली आणि मोटा एकेक करून थांबल्या. नाडा-सोंदूर अडगळींत गेले, धावांवर गवत वाढलें. पाणी माणसाच्या व बैलाच्या अंगावरून उतरलें. पोतें मात्र उतरलें नाहीं.

पोत्याची गोष्ट पाहावयाची तर सांगलीस जावें. १८०१ सालीं चिंतामणराव पटवर्धन यांनीं सांगलीस आपलें स्वतंत्र संस्थान स्थापिलें, आणि पुढें हें गांव हळदीच्या व्यापारानें नांवारूपास आलें. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे. तेथील माती अशी विलक्षण कीं तिच्यांत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके. पेव म्हणजे जमिनींतील खोल कोठार. तोंड अरुंद, पोट मोठें. तळाशीं व कडेनें गवत-पाल्याचा थर द्यावा, हळद भरावी, आणि तोंड मातीनें लिंपून टाकावें. कीड नाहीं, उंदीर नाहीं, वर पहाऱ्याचाहि फारसा खर्च नाहीं. पेव उघडलें म्हणजे आंतील दूषित हवा निघून जाण्यासाठीं तें कांहीं वेळ तसेंच ठेवीत व मगच माणूस आंत उतरे. या नियमांत हयगय झाली तर प्राणावर बेते. २००५ सालच्या महापुरांत यांपैकीं पुष्कळ पेवांत पाणी शिरलें आणि त्यांची मोठी हानि झाली. त्यानंतर व्यापाऱ्यांचा ओढा वखारी व शीतगृहें यांकडे वाढला. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, पण ज्या पेवांनीं हें नांव कमावलें त्यांचा वापर तोंवर बहुतांशीं ओसरला होता.

पेवांतून हळद वर काढणें हें मोटेसारखेंच सरळ काम: दोर, बळ आणि खालचा-वरचा मेळ. परंतु वर आल्यावर ती गाडींत चढवावयाची, वखारींत उतरवावयाची, आणि तेथें एकावर एक थर देऊन थप्पी लावावयाची. थप्पी चारपांच थरांची असेपर्यंत ठीक. ती छताकडे जाऊं लागली म्हणजे तिच्या अंगाला फळी लावतात, व हमाल पाठीवर पोतें घेऊन त्या डुलणाऱ्या फळीवरून वर जातो. वरच्या थरावर पोंचल्यावर त्यानें पोतें नुसतें टाकावयाचें नसतें. खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर तें नेमकें बसवावयाचें असतें, नाहीं तर थप्पी ढासळते. म्हणजे उचलणें, चढविणें, पुढें नेणें आणि बेतानें ठेवणें, हीं चारहि कामें एकाच देहानें करावयाचीं. शंभर किलोचें पोतें तर पुष्कळ वर्षें सर्रास चाले. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें एका माणसानें हातानें उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली, तेव्हां जगाच्या लक्षांत आलें कीं आपण माणसाच्या पाठीला जवळजवळ दुप्पट राबवीत होतों. हल्लीं धान्य व साखर यांचीं पोतीं पन्नास किलोंचीं झालीं आहेत. या एका फरकानें किती पाठी वांचल्या असतील याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा हमालीशीं संबंध केवळ आपल्या पेठांपुरता नाहीं. डोंगराळ, कमी पाण्याच्या गांवांतून हजारों तरुण मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत ओझीं वाहावयास गेले. माथ्यावर भार वाहणारा तो माथाडी. पाटण तालुक्यांतील मंद्रुळकोळे येथें १९३३ सालीं जन्मलेले अण्णासाहेब पाटील यांनीं या लोकांना संघटित केलें, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं कायदा झाला. तोंपर्यंत हमालाला मालक असा नसेच. ज्याचें पोतें तो त्या घटकेपुरता मालक. कायद्यानें मंडळें नेमलीं, कामगारांची व मालकांची नोंद ठेवली, मजुरी मंडळामार्फत देण्याची आणि तिच्याबरोबर भविष्यनिर्वाह निधि वगैरेंची तरतूद केली. पोत्याचें वजन कायद्यानें हलकें झालें नाहीं, पण तें वाहणारा माणूस वहींत तरी आला.

आतां प्रश्न असा कीं, माणसाच्या देहाचीं हीं चारहि कामें करणारें यंत्र निघालें कसें? उचलणारीं यंत्रें जुनींच होतीं. १९१७ सालीं अमेरिकेंतील क्लार्क कंपनीनें आपल्याच कारखान्यांत माल हालविण्यासाठीं एक लहान मोटारगाडी केली; पाहुण्यांनीं ती पाहिली व मागणी सुरू झाली. पुढील कांहीं वर्षांत अशा गाड्यांना उभा खांब आणि त्यावर वरखालीं सरकणारे दोन आडवे लोखंडी सुळे आले. हीच आजची फोर्कलिफ्ट. माल लांकडी तबकावर रचावा, तबकाखालच्या फटींत सुळे सारावेत आणि अख्खा ढीग एकदम उचलावा. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन लष्कराच्या पुरवठ्यासाठीं या पद्धतीचा फार मोठा प्रसार झाला.

परंतु या गाडीला गुळगुळीत फरशी लागते. चाकें लहान, पोट जमिनीलगत. नांगरटींत अथवा पावसाळी चिखलांत ती रुतून बसते. १९५८ सालीं फ्रान्समधील मार्सेल ब्रो या गृहस्थांनीं यावर सोपा तोडगा काढला. त्यांनीं शेतीचा ट्रॅक्टर घेऊन चालकाचें आसन उलट बसविलें आणि मोठ्या चाकांच्या बाजूला उचलण्याचा खांब जोडला. ज्या बाजूला मोठीं चाकें तिकडे ओझें, असा तो सरळ हिशेब होता. खडबडीत जमीन जिंकली गेली. तरी एक उणीव राहिलीच: खांब उभा असल्यामुळें ओझें केवळ वर जाई, पुढें जात नसे. ओझें जेथें ठेवावयाचें त्याच्या अगदीं नाकाशीं गाडी न्यावी लागे. मध्यें खंदक असेल, पाया खणलेला असेल, तर गाडीचा उपाय खुंटला. लिंबच्या विहिरीवरील चाकाची जी मर्यादा तीच पुन्हा येथें आडवी आली.

ती मर्यादा तोडली तिरप्या, लांबत्या हातानें. उभा खांब काढून टाकावयाचा आणि त्याच्या जागीं गाडीच्या मागच्या भागाला बिजागरीनें जोडलेला एक लांब हात बसवावयाचा. हा हात पोकळ असावा, आणि त्याच्या पोटांत दुसरा, दुसऱ्याच्या पोटांत तिसरा. जुन्या जहाजावरील कप्तानाची दुर्बीण जशी खिशांत मावते व डोळ्याला लावतांना लांब होते, तसाच हा प्रकार. म्हणूनच या यंत्राला टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट किंवा टेलिहँडलर हें नांव मिळालें. इंग्लंडांतील जेसीबी कंपनीनें असलें यंत्र १९७७ सालीं बाजारांत आणलें. तें घरें बांधणाऱ्यांसाठीं म्हणून केलेलें, पण गवताच्या गंजी रचणाऱ्या शेतकऱ्यांनीं तें लौकरच आपलेंसें केलें. आपल्याकडे मात्र जेसीबी म्हटलें कीं खेड्यांतील पोराच्याहि डोळ्यांपुढें खणणारें पिवळें यंत्रच उभें राहतें. एका कंपनीचें नांव एका अवजाराला चिकटून बसलें, आणि त्या कंपनीचें हें दुसरें, शांत वृत्तीचें अपत्य मागें राहिलें.

या हाताला बळ कोठून येतें? इंजिन पंप फिरवितें आणि पंप तेलावर दाब आणतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हें तत्त्व फ्रेंच पंडित पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगितलें. १७९५ सालीं ब्रामा नांवाच्या इंग्रज कारागिरानें त्यावर दाबयंत्र केलें. हिशेब असा: तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २५० किलो आहे असें समजा. दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, आणि त्यावरील जोर सुमारें साडेएकोणीस हजार किलो. एवढा जोर मनगटाएवढ्या जाड दांड्यांतून बाहेर येतो. असा एक दट्ट्या हाताला वर उचलतो, दुसरा आंतल्या नळीला बाहेर सारतो. तिसऱ्या नळीसाठीं बहुधा वेगळा दट्ट्या नसतो. तिला साखळी जोडलेली असते, आणि दुसरी नळी पुढें सरकली कीं साखळीच्या ओढीनें तिसरीहि तिच्याबरोबर पुढें येते. नळ्या एकमेकींवर घासूं नयेत म्हणून मध्यें नायलॉनच्या चकत्या असतात.

आतां मोटेची ती आठवण. हात जसजसा वर जातो तसतसा त्याच्या टोंकाला असलेल्या सुळ्यांचा कल बदलणार. जमिनीवर आडवे असलेले सुळे वर गेल्यावर मागें झुकणार आणि विटा चालकाच्या डोक्यावर येणार. हें टाळण्यासाठीं हाताच्या मुळाशीं एक लहान दट्ट्या बसविलेला असतो. हात वर जातांना तो दाबला जातो व त्यांतील तेल टोंकाच्या दट्ट्याकडे ढकललें जातें. हात जितका वर वळेल तितकेच सुळे खालीं वळतात, आणि तबक सबंध वाटभर समतल राहतें. एक दट्ट्या उचलतो, दुसरा कल सांभाळतो. नाड्याचें काम पहिल्यानें घेतलें आणि सोंदुराचें दुसऱ्यानें. सोंदूर पाणी सांडविण्यासाठीं कल बदलतो, हा दट्ट्या माल न सांडावा म्हणून कल राखतो. एवढाच काय तो भेद.

एवढें झालें तरी यंत्राची खरी परीक्षा जोरांत नाहीं, तोलांत आहे. पाण्यानें भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई कोसभर चालते; तीच घागर हात ताठ पुढें करून धरावयास सांगितली तर बळकट पहिलवानाचाहि हात क्षणांत खालीं येतो. घागरीचें वजन वाढत नाहीं, अंगापासूनचें अंतर वाढतें. या यंत्राचेंहि असेंच आहे. पुढचीं चाकें हा त्याच्या तराजूचा मध्य. मागें यंत्राचें स्वतःचें वजन, पुढें ओझें. समजा, यंत्र बारा टनांचें आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून दीड मीटर मागें आहे. तर मागच्या पारड्यांत बारा गुणिले दीड, म्हणजे अठरा पडले. चार टनांचें ओझें चाकांपुढें दोन मीटरांवर धरलें तर पुढच्या पारड्यांत आठच पडतात. यंत्र निश्चल उभें. पण हात बारा मीटर पुढें पसरला तर दीड टनालाच अठरा पुरे होतात आणि पारडें बरोबरीला येतें. शिवाय पुढें गेलेल्या हाताचें स्वतःचें वजनहि आतां ओझ्याच्याच बाजूला जातें, आणि सुरक्षिततेसाठीं कांहीं शिल्लक तर राखलीच पाहिजे. म्हणून चार टन उचलणारें व सतरा मीटर उंच पोंचणारें मोठें यंत्र, हात पूर्ण पुढें पसरल्यावर अर्ध्या टनाच्या आसपासच ओझें धरूं शकतें. जवळच्या कामीं भीम असलेलें हें यंत्र दूरच्या कामीं साधा माणूस होतें.

हें न ओळखणाऱ्या चालकाचा घात ठरलेला. म्हणून चालकाच्या खोलींत एक तक्ता लावलेला असतो: इतक्या कोनांत, इतकी लांबी काढली असतां, इतकेंच वजन. बहुतेक नव्या यंत्रांत मागच्या कण्यावरील भार मोजणारें साधन असतें. तो भार कमी होऊं लागला, म्हणजेच यंत्राचें बूड हलकें झालें, कीं दिवा लागतो, घंटा वाजते, आणि हात आणखी पुढें जाण्याचें नाकारतो. उंच कामासाठीं पुढें दोन लोखंडी पाय जमिनीवर टेकवितात; त्यानें तराजूचा मध्यच ओझ्याकडे सरकतो. जमीन मात्र समतल हवी. एका बाजूला थोडा उतार असेल तरी सतरा मीटरांवर तो मोठा होऊन बसतो.

चालण्याच्याहि त्याच्या तीन रीति आहेत. रस्त्यावर नुसतीं पुढचीं चाकें वळतात. अरुंद जागीं पुढचीं व मागचीं उलट दिशांना वळतात, आणि यंत्र जागच्याजागीं फिरल्यासारखें वळतें. तिसऱ्या रीतींत चारहि चाकें एकाच दिशेला वळतात व यंत्र खेकड्यासारखें तिरपें सरकतें. भिंतीला लागून उभें राहावयाचें असेल तेव्हां याचा फार उपयोग. टोंकाचें अवजारहि बदलतां येतें. सुळे काढून बादली लावली कीं खडी भरली, आंकडा लावला कीं तुळई उचलली, कठड्याचा पिंजरा लावला कीं माणसें वर नेऊन भिंतीचें काम केलें. एक इंजिन, एक हात आणि दहा कामें, हें याच्या लोकप्रियतेचें मुख्य कारण होय.

साताऱ्याच्या, मिरजेच्या व कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत या कुळांतील जें यंत्र सर्वांत अधिक दिसतें तें मात्र याचें भावंड आहे. त्याला सारे हायड्रा म्हणतात. त्याचाहि हात नळींतून नळी असाच लांबतो, पण टोंकाला सुळे नसून आंकडा असतो, आणि ओझें साखळीला लटकत जातें. लटकतें ओझें झोके घेतें, व झोक्याबरोबर तराजूचें पुढचें पारडें कमीअधिक होतें. सुळ्यांवर बसलेलें ओझें झोके घेत नाहीं, हा टेलिहँडलरचा मोठा गुण. तरीहि आपल्याकडे हायड्राच अधिक, कारण तो स्वस्त पडतो आणि भाड्यानें कोठेंहि मिळतो. सोय आधीं आणि सुरक्षितता मागून, हा क्रम आपल्या देशांत बदलावयास फार काळ लागतो.

पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर आणि सांगलीकडे ढालगांवच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या मोठ्या क्रेनांच्या हातांनीं. ज्या पाटण तालुक्यांतून डोक्यावर ओझें वाहणारे मुंबईस गेले, त्याच तालुक्याच्या माथ्यावर टनावारी वजनाचीं पातीं यंत्रांनीं आकाशांत नेऊन बसविलीं. तासगांव-सांगलीकडील शीतगृहांत बेदाण्याच्या पेट्यांचे ढीग लागतात, साखर कारखान्यांच्या गोदामांत पोत्यांच्या भिंती उभ्या राहतात. असल्या ठिकाणीं लांबत्या हाताचें यंत्र ट्रकाच्या एका बाजूला उभें राहून पलीकडच्या कडेचा मालहि उचलूं शकतें. ट्रकाला वळसा घालावा लागत नाहीं, आणि मधल्या चिखलाचीहि त्याला पर्वा नसते.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. हमाली पोत्यामागें ठरते. यंत्रानें तासाभरांत ट्रक रिता केला तर हमालाची पाठ वांचते, पण त्या ट्रकावरील त्याची मजुरीहि जाते. यंत्र आणूं नये असें म्हणणें म्हणजे पोतें माणसाच्याच मणक्यावर राहावें असें म्हणणें होय, आणि तें कोणाहि विचारी मनुष्याला म्हणवणार नाहीं. परंतु यंत्राचा सारा लाभ यंत्राच्या मालकानें घ्यावा, हेंहि न्यायाचें नव्हे. ज्यानें तीस वर्षें फळीवरून पोतीं चढविलीं त्याला ओझ्याचा तोल पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. जड बाजू कोणती, थप्पी कोठें खचेल, ओझें अंगाजवळ घेऊन मगच वळावें, हें त्याच्या देहाला ठाऊक असतें, आणि यंत्राच्या दांड्यापाशीं बसणाऱ्याला हेंच ज्ञान लागतें. चालकाचें शिक्षण त्याच्या घरांतील मुलाला आधीं मिळालें पाहिजे. माथाडी कायद्यानें त्याचें नांव वहींत आणलें. यंत्र येईल तेव्हां तें त्या वहींतून गळूं नये, एवढी दक्षता मंडळांनीं घ्यावयास हवी.

तूर्त तरी हें स्थित्यंतर अर्ध्यावर आहे. नव्या शीतगृहांना रुंद दारें व पक्क्या फरशा आहेत, आणि तेथें यंत्रें मोकळेपणानें फिरतात. जुन्या पेठांतील वखारी माणसाच्या मापानें बांधलेल्या. दार ठेंगणें, बोळ अरुंद, आंत खांबांची दाटी. यंत्र दारापर्यंत येतें, पोत्यांचें तबक उंबऱ्याशीं ठेवतें आणि मागें सरतें. तेथून आंतल्या थप्पीपर्यंतचीं पंधरावीस पावलें पोतें अजून माणसाच्याच पाठीवरून जातें.